मामांनी पास केलेला रंग

रंगाऱ्यांचा मुकादम म्हणून मामांचा बांधकामावर केवढा दबदबा, आणि तो सगळा नाकाच्या जोरावर. डबा उघडला की मामा वाकायचे, एक लांब श्वास ओढायचे आणि सांगून टाकायचे, माल अस्सल आहे की भेसळीचा. सख्खे मामा ते तिथे कोणाचेच नव्हते, पण ठेकेदारापासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

आता गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ! मामांना वास येतच नव्हता. उभा जन्म थिनर आणि तेलरंगात गेल्यावर नाक तरी किती साथ देणार? आधी वास हळूहळू कमी झाला, मग एके दिवशी पार गेला. मामांनी मात्र कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! डबा उघडायचा, श्वास ओढायचा आणि हळूच समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. समोरच्याने नाक मुरडलं की डबा परत.

घरी मामींनाही पत्ता नव्हता. उलट त्या खुशीत होत्या. तरुणपणी मामा म्हणजे साक्षात जमदग्नी. भात जरा खाली लागल्याचा वास आला की ताट सरकवून उठायचे. आणि आता? करपलेली भाजीसुद्धा निमूट खायचे. "वय झालं की माणूस निवळतो बघा," मामी शेजारणीला सांगायच्या. "आमच्या ह्यांनी नावं ठेवणंच सोडलंय. मला समजून घेतात हो आता."

ह्या नव्या इमारतीला हरित प्रमाणपत्र मिळवायचं होतं. म्हणजे वीज कमी, पाणी कमी आणि आतली हवा एकदम स्वच्छ. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचा कायमच्या बंद. हवा खेळवायला छतात यंत्र. अशा बंद खोल्यांत उग्र वासाचा रंग चालणार नव्हता, त्यातून विषारी वाफ निघते. हे सगळं बघायला एक तरुण इंजिनिअर बाई होत्या. सगळे त्यांना ग्रीन मॅडम म्हणत. पोरगी हुशार आणि कामाला चोख, पण मामांच्या नाकावर तिचा भलताच विश्वास. "कागद काय, कोणीही छापून देतं," ती म्हणायची. "मामांनी हुंगल्याशिवाय एकही डबा भिंतीला लागता कामा नये."

त्याच वजनावर मामांनी मामींना तिथे काम लावून दिलं. रंगवून झालेल्या खोल्यांची फरशी पुसायची. मामींना दम्याचा जुना त्रास. "अगं, एवढी स्वच्छ हवा सगळ्या शहरात मिळायची नाही," मामा म्हणाले. "तुझ्या दम्याला मानवेल." मामींनाही ते पटलं.

वरच्या मजल्याचं काम घाईला आलं आणि ठरलेला माल संपला. पुरवठादार पडला बेरकी. त्याने त्याच कंपनीच्या डब्यांत स्वस्तातला उग्र माल भरून पाठवला. पाण्यात कालवला की दोन्ही सारखेच दिसतात, फरक तेवढा वासाचा. त्या दिवशी भिंती घासायचं काम जोरात चाललं होतं आणि धुळीमुळे सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. मामांनी आपला मास्क खाली ओढला, डब्यावर वाकले, श्वास ओढला आणि नेहमीसारखं वर बघितलं. समोर नुसते डोळे. ग्रीन मॅडमचेही नुसते डोळेच. मामांची पाचावर धारण बसली.

"मॅडम, आज तुम्हीच हुंगा," एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का? पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, आणि वास न येणारा मुकादम ठेवतो कोण? आपलं काम जाईल, बायकोचंही जाईल. वर सगळ्यांत हसं.

"पास," मामा म्हणाले.

रंग लावताना गड्यांना वास आला. एकाने तसं बोलूनही दाखवलं, तर दुसऱ्याने त्याला झापलं, "मामांपेक्षा शहाणा झालास काय रे?" विषय संपला. मामांचे डोळे चुरचुरत होते. ते त्यांनी धुळीवर ढकललं.

आणि त्या बंद खोल्यांत मामी फरशी पुसत राहिल्या. छतातलं यंत्र अजून सुरूच झालं नव्हतं. आठवडाही गेला नसेल, मामी बादलीशेजारी बसलेल्या सापडल्या. ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. मामांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि रडत, ओरडत जिना उतरले.

ग्रीन मॅडम ती खोली बघून तशाच दवाखान्यात आल्या. "मामा, तिथे दोन मिनिटं उभं राहवत नाही हो! तुम्ही हे पास कसं केलंत?"

"सर्दी झाली होती, मॅडम," मामा म्हणाले. तेव्हासुद्धा खोटंच.

मॅडम रंग खरवडायला लावा म्हणून ठेकेदाराशी भांडल्या, पण त्यांचं ऐकतो कोण? वरून चांगल्या रंगाचा एक हात मारला, यंत्र अहोरात्र चालवलं, आणि तपासणी झाली तेव्हा हवा स्वच्छ निघाली. दारात प्रमाणपत्राची चकचकीत पाटी लागली.

मामी घरी आल्या त्या पार खंगून. फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून उशांना टेकून बसायचं आणि नाकात प्राणवायूची नळी. चूल, भांडी, सगळं मामांवर आलं. ते काम सोडून घरीच बसले होते.

एका दुपारी ते मामींना कपाने दूध पाजत होते. दोन घोट घेऊन मामी थांबत थांबत बोलल्या, "अहो, मला त्या खोल्यांत वास येत होता. पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पास केला होता ना! म्हटलं, तुमचं कुठे चुकायला. माझंच काहीतरी बिघडलं असेल."

मामांना रडू आवरेना. "तुझं बरोबर होतं गं. मलाच वास येत नाही. कितीतरी दिवस झाले. कोणाला बोललो नाही, तुलासुद्धा नाही."

मामींनी शिव्या घातल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे ती करपलेली भाजी..." मामी म्हणाल्या.

"आणि मी मेली शेजारणीला सांगत सुटले, समजून घेतात म्हणून."

मग मामींनी कप हाताने बाजूला केला.

"हे दूधसुद्धा करपलंय," त्या म्हणाल्या. "रोजच करपतं. म्हटलं, एवढं करताय माझं, कशाला बोला."

मामांनी सवयीने कप नाकाशी नेला.