शोभना काकूंचं लायसन्स

आयोवातल्या आमच्या काउंटीत सगळं किती स्वस्त आहे, हे मी आता कुणाला सांगत नाही. आधी फार सांगायचे. यापूर्वी फ्रीमाँट शहरात आमच्या टाउनहाउसच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या मायक्रोवेव्हमध्ये काय गरम होतंय ते दिसायचं, आणि त्या घराच्या हप्त्यात सुशांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जवळजवळ अख्खा पगार जायचा. इथे त्याच्या पावपट पैशांत चार बेडरूम, तळघर, मागे सफरचंदाची दोन झाडं आणि बघून बघून कंटाळा येईल एवढं आकाश. काम दोघांचंही घरूनच. मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, "यार रुपाली, लॉटरी लागली तुला." मीही फुशारक्या मारायचे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. राहायला लागल्यावर कळलं, की घर स्वस्त आहे कारण घराजवळ काहीच नाही. गावातलं किराणा दुकान बंद पडलं होतं, औषधांचं त्याच्याही आधी. बस नाही, टॅक्सी नाही. दूध संपलं तर अठरा मैल जायचं. इथे गाडी म्हणजे माणसाचे पाय. ती बंद झाली की मोठ्या घरात एकटं बसून भिंती मोजायच्या.

आमच्या शेजारच्या शोभना काकूंना या भिंती मोजायच्या नव्हत्या, आणि मुलाकडेही जायचं नव्हतं. म्हणून त्यांना लायसन्स हवं होतं.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मूळच्या मिरजेच्या. गुरुनाथ काका इथल्या शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, त्यांच्यामागून काकू आल्या. पुढे कारखाना बंद झाला, नंतर काका गेले, काकू मात्र राहिल्या. त्यांनी बरीच वर्षं काउंटीच्या लायब्ररीची फिरती गाडी चालवली. चांगली बसएवढी गाडी, आत पुस्तकं, आणि स्टिअरिंगवर साडीतल्या काकू. ट्रॉय शहरात काकांचे मित्र होते, त्यांच्या बायकांनी नाकं मुरडली, की इंजिनिअरची बायको ड्रायव्हर झाली. काकू म्हणायच्या, "त्या मर्सिडीजमध्ये मागे बसतात, मी बसमध्ये पुढे बसते. कोण वर गेलं सांग." कुठल्या घरातलं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरातला नवरा, हे त्यांना सगळं ठाऊक.

आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा त्या थालीपीठं घेऊन दारात आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "कशाला आलात इथे? पळून आलात की हाकललं?" मी नागपूरची, मला असली माणसं आवडतात. तेव्हापासून आमचं जमलं. मला इथे मराठीतून भांडायला त्या एकट्याच होत्या, त्यामुळे त्या राहाव्यात यात माझाही स्वार्थ होता. तो मी लपवत नाही.

मग काकूंना काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसायचं, डॉक्टरांच्या भिंतीवरची बारीक अक्षरंही धडाधड वाचायच्या, पण कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, की गाडी फक्त दिवसाउजेडी आणि घराच्या आसपास चालवायची, तीही रस्त्यावरची टेस्ट पास झाल्या तरच. काकूंचा मुलगा परीक्षित दूर प्लेनो शहरात असतो. गुणी मुलगा, रोज फोन करतो. त्याने आईसाठी खालची खोली केव्हाची तयार ठेवली होती. दोघांचं ठरलं, टेस्टमध्ये पास झाली तर आई इथेच राहील आणि तो विषय काढणार नाही. नापास झाली तर तो येऊन घेऊन जाईल आणि ती वाद घालणार नाही.

"तिकडे वाईट काही नाही गं," काकू मला म्हणाल्या. "सून चांगली आहे, देऊळ जवळ आहे, मराठी मंडळ आहे. पण दुकानात गेले की दुकानदार माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाकडे बघतो. इथे मी पाव घ्यायला गेले तर अर्धा तास लागतो, इतकी माणसं बोलतात."

मग आम्ही जे केलं ते आपल्याच लोकांना सुचू शकतं. आम्ही टेस्टचा अभ्यास केला. बोर्डाच्या परीक्षेसारखा. टेस्ट काकूंच्या नेहमीच्याच रस्त्यांवर होणार होती, म्हणजे काउंटीच्या ऑफिसपासून निघून चर्चच्या कोपऱ्यावरून दुकानाच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं. महिनाभर मी रोज दुपारी त्यांच्या शेजारी बसायचे आणि प्रश्नोत्तरं चालायची. "धान्याच्या सायलोनंतर काय?" "मान डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे." "पुलावर?" "वेग कमी." मी इतकी मागे लागले की एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, एवढा अभ्यास परीक्षितने दहावीला केला नाही." पण शेवटी मान आपोआप फिरायला लागली. कडेचं दिसत नाही ना, मग मान फिरवून बघायचं, असं आमचं साधं गणित होतं.

या फेऱ्यांमध्ये मला इथल्या माणसांचं फार कौतुक वाटलं. चौकात आम्ही यायच्या आधी दुसरी गाडी आलेली असली, तरी ती थांबून राहायची. ट्रॅक्टरवाला बाजूला घ्यायचा. नुसतं आपलं 'पहले आप, पहले आप'. फ्रीमाँटला सिग्नल हिरवा झाल्यावर श्वास घेतला तरी मागचा हॉर्न मारतो. मी घरी येऊन मैत्रिणींना व्हॉइस मेसेज पाठवला, की माणुसकी बघायची तर इकडे या.

टेस्ट घ्यायला ग्लेन होता, काउंटीच्या ऑफिसातला. पन्नाशीचा माणूस, लहानपणी काकूंच्या गाडीतून डायनोसॉरची पुस्तकं नेणारा. तो काकूंच्या शेजारी बसला, मी मागे. काकूंनी एक चूक केली नाही. परत ऑफिसशी आल्यावर ग्लेनने कागदावर सही केली आणि म्हणाला, "मिसेस शोभना, तुमच्यासारखं काळजीपूर्वक कुणी चालवत नाही." मी मागून काकूंचा खांदा थोपटला. घरी निघायच्या आधीच परीक्षितला मेसेज करून टाकला, आई पास.

येताना मार्लीनच्या घरावरून आलो. मार्लीन म्हणजे काकूंची शेजारीण, त्यांच्याच वयाची, अर्धांगाचा झटका आल्यापासून काठी घेऊन चालते. गाडी चालवत नाही, तिला दुकानात, औषधाला, चर्चला काकूच नेतात. तिच्या घरासमोर रस्त्यावर टपालाचा डबा आहे आणि त्याच्यामागे पाणी वाहून जायला खणलेला चर. मार्लीन त्या चरात उतरून गुडघाभर गवतात उभी होती. काहीतरी पडलं असेल, शोधत असेल, असं मला वाटलं. मी हात केला, तिनेही केला.

दुपारी मी काकूंकडेच होते, तेव्हा ती रुबार्बच्या वड्या घेऊन आली. रुबार्ब म्हणजे आंबट देठांची भाजी, इथे तिचं गोड करतात. पास झाल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. काकू अगदी खुशीत होत्या, चहा टाकला होता. म्हणाल्या, "मार्लीन, आज तू बाहेर दिसली नाहीस. येताना तुला हात करायचा म्हणून मी मुद्दाम हळू घेतली होती."

"होत्या की," मी म्हटलं. "चरात उभ्या होत्या. आम्ही हातसुद्धा केला एकमेकींना." माझ्या जिभेला हाड नाही, सुशांत लग्नापासून सांगतोय.

मार्लीनने वड्यांचा डबा काकूंकडे सरकवला. काकूंनी मान वळवून दाराकडे बघितलं. तिथे तिने काढून ठेवलेले बूट होते, घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"चरात कशाला उतरलीस?"

"काही नाही गं."

"मार्लीन." हा त्यांचा बसमधला आवाज असणार, दंगा करणाऱ्या पोरांसाठीचा.

मार्लीनने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझी गाडी दिसली की मी उतरते. मला त्रास काही होत नाही, शोभना. सगळेच करतात."

"सगळे म्हणजे?"

मग तिने सांगितलं. ईस्टरच्या सुमाराला हॅन्सन म्हणून एका शेतकऱ्याचा मुलगा चौकात सायकलवरून येताना काकूंच्या गाडीखाली येता येता वाचला. त्याने ब्रेक मारला म्हणून. काकू तशाच पुढे गेल्या, त्यांना तो दिसलाच नव्हता. त्याने ते रविवारी चर्चमध्ये सांगितलं, आणि कॉफी पिता पिता सगळ्यांनी ठरवून टाकलं, की शोभनाची निळी गाडी दिसली की आपण थांबायचं. पायी असलो तर रस्ता सोडायचा. स्कूल बसच्या ड्रायव्हरने पोरांनाही बजावलं होतं.

मला महिनाभरातला एकेक चौक आठवला. माणुसकी बघायला या म्हणून मी मेसेज पाठवला होता. अंगाची लाही लाही झाली माझ्या. "आणि कुणी बोललं नाही?" मी म्हटलं. "एखादं पोर विसरलं असतं तर? ही कसली माया तुमची?"

"बोलून काय?" मार्लीन म्हणाली. "लायसन्स गेलं असतं तर शोभना मुलाकडे गेली असती."

काकूंनी एवढंच विचारलं, "ग्लेनला माहीत होतं?"

"ग्लेन आमच्याच चर्चमध्ये येतो," मार्लीन म्हणाली.

काकू रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मला काय करावं सुचेना. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि ते परत भरत होते. मार्लीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, यंदा मका चांगला आला आहे. इथली माणसं अशीच आहेत, दुसरं कुणी रडायला लागलं की पिकाबद्दल बोलतात. थोड्या वेळाने तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, बूट घातले आणि गेली.

ती गेल्यावर मी शब्द फिरवला. मघाशी मार्लीनवर तडकलेली मी काकूंना म्हणायला लागले, की झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांना माहीत आहे, सगळे सांभाळतात, तुम्ही पास झाला आहात, सहीचा कागद पर्समध्ये आहे. राहा ना. थोडं कमी चालवा, मी बरोबर बसत जाईन.

काकूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "नाताळात तुझी बहीण नेत्रा येणार आहे ना? पोरांना घेऊन?"

"हो."

"पोरं रस्त्यावर बर्फात खेळतील. निळी गाडी आली की चरात उतरायचं, हे त्यांना कोण सांगणार आहे?"

मी चहाचे कप उचलून सिंकमध्ये ठेवले.

त्यांनी माझ्यासमोरच परीक्षितला फोन लावला आणि ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर टाकला. त्याने मेसेज वाचला होता. "जिंकलीस, आई," तो हसत म्हणाला. "मी शब्द पाळतो, आता विषय नाही काढणार."

"परीक्षित, मला न्यायला ये."

"काय झालं? ॲक्सिडेंट झाला का?"

"नाही. अजून नाही झाला."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. इतकी वर्षं आई कधी येते म्हणून वाट बघणारा तो, आणि आता म्हणाला, "आई, गाडी चालवू नकोस, पण घाई कशाला? रुपाली आहे शेजारी. मक्याची कापणी होईपर्यंत राहा हवं तर. सगळ्यांना नीट भेट."

"नाही रे बाबा," काकू म्हणाल्या. "आज मी शहाणी आहे. आठ दिवसांनी दूध संपेल, मार्लीनची औषधं संपतील, आणि मला वाटेल एवढंच तर जायचंय, रस्ता पाठ आहे. मला माझा भरवसा नाही. तू लवकर ये."

फोन ठेवल्यावर त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घरी घेऊन जा. मी मागितली तरी देऊ नकोस. आणि मार्लीनला मंगळवारी औषधाला न्यायचं असतं."

"मंगळवारी माझी मीटिंग असते," मी म्हटलं.

"मग मीटिंग बुधवारी घे."

परीक्षित शनिवारी आला. तोवर काकूंनी किल्ली दोनदा मागितली. पहिल्यांदा रागावून, म्हणाल्या गाडी माझी आहे, तू कोण? दुसऱ्यांदा अगदी गोड बोलून, माझ्या आवडीच्या साटोऱ्या घेऊन, चालत आल्या आणि म्हणाल्या की फक्त चर्चच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येते गं, शेवटचं. मी साटोऱ्या खाल्ल्या, किल्ली दिली नाही, आणि त्या गेल्यावर दार लावून पोटभर रडले.