रेनकोटवालीचं आकाश

पालकसभेला आलेले आईबाप आधी गुणपत्रिका मागतात. वैजयंता सोनकांबळे मात्र भिंतीवरच्या ग्रहमालेच्या तक्त्यापुढे उभी राहिली. विज्ञान शिकवणाऱ्या सुचेताबाईंचं तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तेव्हा.

"बाई, आमची आरोही सांगत होती, मंगळावर पाणी होतं. गेलं कुठं मग?"

"काही उडालं, काही गोठून बसलं. ग्रह लहान, त्याला हवा धरून ठेवता आली नाही. हवा विरळ झाल्यावर पाणी कसं टिकणार?"

"म्हणजे अंगावरचं कापडच विरलं."

काशीगावात तिचं रेनकोट शिवायचं दुकान होतं. तिच्या रेनकोटात थेंब शिरत नाही, असा लौकिक होता आणि तो तिला ठाऊकही होता. विज्ञान प्रदर्शनात ग्रह दाखवायला बाईंना अंधारा घुमट हवा होता. पंख्याच्या हवेवर फुगणारा, आत वर्गभर मुलं बसतील असा. "मी शिवते की," वैजयंता म्हणाली. आई आकाश शिवतेय, हे आरोहीने शाळाभर केलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सभागृहात घुमट टम्म फुगला. प्रत्येक शिवण दुहेरी, वरून टेप चिकटवलेली. वैजयंताने त्याच्यावर थाप मारली, "पाऊस पडू द्या आता." मुलं आत गेली, आरोहीने बोलायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात सगळी घामाने निथळत बाहेर आली.

शिपाई धाकूमामांनी दाराचं कापड उचलून आत डोकावलं. "ताई, इडल्या लावल्यात का आत?"

सगळे हसले. आरोही हसली नाही. "आई, उद्या दुसऱ्या कुणाला बोलू दे," ती हळूच म्हणाली.

वैजयंता घुमटाला लागून खाली बसली. सुचेताबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"शुक्राकडे हवा रग्गड आहे, वैजयंता. पण पांघरूण इतकं जाड की आतली ऊब बाहेरच पडत नाही. भट्टी झालीय त्याची. पृथ्वीचं पांघरूण बेताचं आहे, म्हणून आपण आहोत."

वैजयंता शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "हात रेनकोटाचा ना माझा. हवेला वाट ठेवायची, हे सुचलंच नाही." मग तिने पिशवीतून ब्लेड काढलं.

"अगं, उद्या बसला तर खाली?"

"बसला तर परत शिवीन. माझीच शिवण आहे."

वरच्या अंगाला तिने टेप सोलली, शिवण जागोजाग उसवली आणि उजेड शिरू नये म्हणून वरून सैल झालर टाचली. पंखा लागला. घुमट जरा कलला, सैलावला आणि उभा राहिला. मुलांना घेऊन ती स्वतः आत बसली, आणि आरोहीचं सगळं बोलणं होईपर्यंत उठली नाही. बाहेर आली तेव्हा पदर कोरडा होता. "धाकूमामा, इडल्या कच्च्याच राहिल्या बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आरोहीच बोलली. "ग्रहावर जीव राहायला पाणी लागतं, सूर्यापासून बेताचं अंतर लागतं, आणि हवेचं पांघरूण लागतं. फार विरळ नको, फार घट्टही नको. काल आमचा घुमट शुक्र झाला होता. माझ्या आईने तो उसवून नीट केला."

हल्ली वैजयंता शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवते आणि रवीच्या, म्हणजे नवऱ्याच्या रिक्षात घुमट टाकून चेणे गावच्या शाळेत जाते, तिथल्या मुलांना ग्रह दाखवायला.