चाकांवरचा ओटा

गाडीचं मागचं दार उघडून महादेवीने आत डोकावलं आणि तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली. आत दोन पलंग होते, घडीचं टेबल होतं, आणि बरोबर मधोमध शेगडी, सिलेंडर, भांडी घासायची मोरी असा छोटेखानी ओटा होता.

"बघ," तिचा नवरा मन्मथ खुशीत म्हणाला, "हाटेलाची कटकटच न्हाई. घरच संगं घेतलंय."

मन्मथ लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये ऑफिस सांभाळायचा. क्लासचे फिजिक्सचे शेषेराव सर आणि त्यांची बायको राजश्री, दोघंही सोबत येणार हे महादेवीला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. तिने मन्मथला एवढंच विचारलं होतं, समुद्र दाखवाल का. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की पोरं गावी जातात, नवी बॅच जूनमध्ये येते. तेवढेच काय ते तिचे मोकळे दिवस.

बावीस वर्षं ती घरात पोरांची मेस चालवत होती. पहिल्या वर्षी सहा पोरं, आता चाळीस. किनवट-हदगावपासूनची पोरं तिच्या भाकरीवर डॉक्टर झाली. पण ही मेस तिने मागून घेतली नव्हती. भूकंप झाला तेव्हा ती सतरा वर्षांची, बारावी सायन्सला होती. पहाटे घर बसलं. आई, बाप, थोरला भाऊ दगडाखाली गेले. पत्र्याच्या शेडमध्ये आठव्या दिवशी चुलता कुणाला तरी सांगत होता, "पोरगी वाचली, बरं झालं. सैपाकाला हात तरी ऱ्हायला." तिने ते पत्र्याआडून ऐकलं. पुस्तकं ढिगाऱ्यातून कुणी काढली नाहीत. दोन वर्षांत मन्मथशी लग्न लावून दिलं.

गणपतीपुळ्याला सकाळी तिने पाच जणांसाठी चुरमुऱ्यांचा सुशीला केला, ड्रायव्हर धरून. चहा दोनदा. जैतापूरच्या खाडीवर सगळे फोटो काढायला उतरले तेव्हा ती कप विसळत होती. ओट्यावर वीतभर खिडकी होती. तिच्यातून निळ्या पाण्याची एक पट्टी दिसायची, मग झाड, मग भिंत.

दुपारी गाडी कुणकेश्वराला लागली. समुद्राला टेकून महादेवाचं देऊळ. महादेवीने गळ्यातलं इष्टलिंग हाताने चाचपलं, पदर नीट केला आणि चपला शोधायला वाकली.

"तू तवर पिठलं-भाकरी टाक," मन्मथ म्हणाला. "आमी आलोच. महादेव काय पळून चाललाय व्हय?"

तिने भाकऱ्या थापल्या. पत्र्याचं छत तापलेलं, वारा नाही, घाम डोळ्यांत उतरत होता. मंडळी आली, जेवली. शेषेराव सर बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, काय चव आहे तुमच्या हाताला!" तिने भांडी आवरली आणि दर्शनाला म्हणून खाली पाय टाकला, तर मन्मथ म्हणाला, "आता ऊन झालंय. येताना बघू."

येताना ते दुसऱ्या रस्त्याने येणार होते. तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. तिचे दात इतके घट्ट मिटले होते की जबडा दुखायला लागला.

आचऱ्याच्या पुढे, चारच्या सुमाराला, सुरूच्या बनाशी गाडी थांबली. पलीकडे रिकामा किनारा. पुरुषांनी खुर्च्या मांडल्या. मन्मथने आत बघून हाक दिली, "वारं मस्त सुटलंय. कांदाभजी होऊ दे गरमागरम."

महादेवीने सिलेंडर बंद केला. रेग्युलेटर काढला, पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि खाली उतरली.

"काय झालं?"

"गॅस बंद केला."

"संपला का?"

"न्हाई. मी बंद केला."

"आता ह्यो काय तमाशा?" मन्मथ आवाज दाबून म्हणाला. "सरांसमोर?"

"सरांसमोरच बोलते. चाळीस पोरायला मी दोन टायमाला खाऊ घालते, त्यात सुट्टी न्हाई. समुद्र बघायला आनलं तर चूल संगं आनली. महादेवाच्या दारातून परत फिरवलं मला. बावीस वर्सं झाली, तुमी एकदा तरी इचारलं का, तू जेवली का म्हणून?"

मन्मथ खुर्चीतून अर्धवट उठला. शेषेराव सर वाळूकडे बघत राहिले. राजश्री ओशाळून उठली. "मी करते भजी. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"न्हाई बाई, तुमीबी बसा. आज कुनीच करायचं न्हाई."

ती चालत गेली. वाळू तापलेली होती, तळवे भाजले, तरी ती थांबली नाही. साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. पाणी कोमट होतं. लाट आली आणि खारट पाणी नाकातोंडात गेलं. ती थुंकली आणि मग मोठमोठ्याने बोलायला लागली. चुलत्याला बोलली, मन्मथला बोलली, न काढलेल्या पुस्तकांबद्दल बोलली. शिव्याही दिल्या, त्या तिला इतक्या येतात हे तिचं तिलाच नवं होतं. राग धुऊन गेला वगैरे काही झालं नाही. उलट बाहेर आली तेव्हा तो चांगला पेटला होता, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

मालवणला सगळे खानावळीत जेवले. ड्रायव्हरने तिच्यासाठी सोलकढी आणखी मागवली. उरलेले दोन दिवस रेग्युलेटर पर्समध्येच राहिला, आणि मन्मथचं तोंड फुगलेलं.

लातूरला आल्यावर तो भेटेल त्याला सांगायचा, हिला समुद्राची हवा मानवली नाही. एकदा गल्लीत असंच सांगत असताना महादेवी दारात आली.

"समुद्र मानवला मला," ती म्हणाली. "सैपाक मानवला न्हाई."

जूनमध्ये तिने पंधराच पोरं घेतली. संध्याकाळच्या चपात्या मन्मथच्या वाटणीला आल्या. तो कुरकुरला, जाड लाटल्या, करपवल्या. पोरांनी तक्रार केली तेव्हा तिने त्यांना त्याच्याकडेच पाठवलं.