झेंड्याखालची पाळी

थेओफीलच्या लेकीचा, ओबेलीनचा, दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. शेगडी पेटवायची, पावाला काकवी लावून खायची, रबरी बूट चढवायचे आणि खाडीच्या कडेनं चालत मासळीच्या कारखान्यात यायचं. मी धक्क्यावरून हेरिंग माशांच्या पेट्या ओढून आत आणायचो, ती टेबलाशी उभी राहून मासे चिरायची. तीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली काढली.

हेरिंग एका ओढीत चिरायचा असतो. सुरी काट्याला टेकवायची आणि हात न थांबवता शेपटीपर्यंत न्यायची. दुसरी ओढ लागली की मांस फाटतं आणि मनगटही लवकर जातं. ओबेलीनला दुसरी ओढ लागलेली मी पाहिली नाही. मनगट मात्र तरीही गेलं.

तिला एकच हवं होतं. एकदा तँतामारमध्ये चालायचं. पंधरा ऑगस्ट हा आम्हा फ्रेंच बोलणाऱ्या अकादी लोकांचा सण. सतराशे पंचावन्न साली इंग्रजांनी आमच्या माणसांना घरांतून काढून जहाजांत कोंबलं. म्हणून त्या दिवशी घड्याळात सतरा वाजून पंचावन्न मिनिटं झाली की सगळं गाव भांडी बडवत रस्त्यावर येतं. आम्ही अजून इथंच आहोत, एवढंच त्या गोंगाटानं सांगायचं. ओबेलीनची आई जाड पत्र्याचं एक झाकण बडवायची. आई गेल्यावर ते झाकण ओबेलीनच्या खुंटीला आलं आणि तिथंच राहिलं. कारण ऑगस्ट म्हणजे हेरिंगचा हंगाम. आम्ही तँतामार भिंतीआडून ऐकायचो.

मालक एदगार आमच्यातलाच. त्यानं कारखान्याच्या छपरावर मोठा अकादी झेंडा लावला होता. निळा, पांढरा, लाल, आणि निळ्यात पिवळा तारा. मिरवणुकीत तो सगळ्यांत पुढे असायचा.

एका वर्षी सणाच्या दिवशी ओबेलीननं मुकादमाला गाठलं.

"वाल्मों, आज मला लवकर सोड."

"मासळीला सण कळत नाही, बाई."

"मासळीला नाही कळत. एदगारला बरा कळतो. पिपाणी घेऊन पुढे नाचतो की!"

"मालक आहे तो. त्याचे हात कोरडे असतात."

"तुझी आई असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. तोच खरा तँतामार!"

टेबलाशी उभ्या बायका खिदळल्या. वाल्मों हसला नाही. "सुरी खाली ठेवलीस तर उद्या येऊ नकोस. आठवडे भरलेत का तुझे?"

भरले नव्हते. हंगामात ठरलेले आठवडे काम झालं तरच हिवाळ्याचा बेकारी भत्ता मिळतो. खाडी गोठली की आमचं पोट त्याच्यावर. ओबेलीनचे दोन आठवडे बाकी होते.

तिनं सुरी पुसली आणि टेबलावर ठेवली. सकाळीच आणून ठेवलेलं आईचं झाकण काढलं, सुरीला धार लावायची लोखंडी कांब उचलली आणि खवल्यांनी भरलेल्या एप्रनसकट बाहेर पडली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. गालावर तारा रंगवलेली उत्सव समितीची एक बाई धावत आली. "अगं बाई, काय सुंदर वेष केलाय! अगदी जुन्या कामकरणींसारखा!" तिनं ओबेलीनचा फोटो काढून घेतला. मग जवळ आली, नाक चोळलं आणि म्हणाली, "तुम्ही जरा मागून चालाल का?"

ओबेलीन मागून चालली. पण चर्चपर्यंत चालली, आणि झाकणाला पोचे पडेपर्यंत बडवलं.

दुसऱ्या दिवशी ती चारलाच उठून आली. तिच्या जागी दुसरी बाई उभी होती. "वरून आलंय," वाल्मों म्हणाला, तिच्याकडे न बघता. हंगाम संपत आलेला, दुसरीकडे कुणी घेईना. तो हिवाळा तिनं बटाटे, खारा मासा आणि शेजाऱ्यांच्या लाकडांवर काढला. शेवटच्या पगाराचं पाकीट फोडलं नाही.

जूनमध्ये मी तिची ट्रंक पेट्रोल पंपापर्यंत वाहून नेली. बस तिथं थांबते. भिंतीवर यंदाच्या उत्सवाचं पोस्टर लागलं होतं. त्यावर ओबेलीन, एप्रनमध्ये, झाकण उंच धरून. वर 'आमचा अभिमान' आणि खाली, खर्च उचलणारा म्हणून, एदगारच्या कारखान्याचं नाव.

तिनं पोस्टरवर बोट ठेवलं. "बघ, मी अजून इथंच आहे," म्हणाली.

"झाकण घेतलंस?"

"कशाला? तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला तेलकामगारांच्या खोल्या झाडायच्यात. आणि बोलायचं इंग्रजीत."

सतराशे पंचावन्न साली आमच्या माणसांना न्यायला जहाजं इंग्रजांनी आणली होती. ओबेलीननं पाकीट फोडलं आणि अल्बर्टाचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं.