गुडघेबाईंचं चौदावं कार्ड

तिला समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘गुडघेबाई’. हे तिला ठाऊक होतं. राग तर नव्हताच. उलट हे नाव दुसऱ्या कुणा बाईला मिळालं असतं तर तिला ते खपलं नसतं.

सव्वीस वर्षं ती व्यायाम शिकवत होती. छापखान्याच्या डोक्यावरचा लांबोडका हॉल, एका भिंतीला आरसे, खिडकीखाली गुंडाळून ठेवलेल्या चटया, आणि कोपऱ्यात डंबेल्सचा स्टँड, ज्यातली तीन किलोची जोडी कायम विजोड. सकाळी साडेसहाचा वर्ग साठीच्या पुढच्यांचा. माणसं बावीस. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाचं हृदय एकदा दगा देऊन सावरलेलं, कुणाला नुसतीच घरच्यांपासून तासभर सुटका हवी असलेली. सगळे खुर्चीच्या पाठीला धरून बैठका काढत आणि बाई त्यांच्यामधून फिरत ओरडे, “गुडघा मागे! पायाच्या बोटांपुढे गुडघा गेला की संपलं! मागे म्हणते ना!” आवाज असा खणखणीत, की खालच्या छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलणारी माणसंही आपापले गुडघे मागे घेत.

मूळची ती साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. खोकी उचलून उचलून अठ्ठाविसाव्या वर्षी कंबर धरली. जिच्याकडून बरी झाली, त्याच बाईकडे शिकली आणि पहिलं कार्ड मिळवलं. व्यायाम शिकवण्याचा परवाना म्हणजे ते कार्ड, दर दोन वर्षांनी नवं करून घ्यायचं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “उड्या मारायला शिकवणार? त्याला कार्ड लागतं होय?” पुढे त्याच सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, सुनेचा हात धरून पुन्हा चालायला लागल्या, आणि मग जिन्यात भेटेल त्या शेजारणीला सांगत सुटल्या, “आमची सून कार्डवाली आहे.”

तेरा कार्डं झाली. कपाटात ती प्लास्टिकच्या अल्बममध्ये ओळीनं होती. फोटोतली बाई एका कार्डातून दुसऱ्या कार्डात जाताना केस पिकवत गेलेली. आजवर नूतनीकरण म्हणजे दोन दिवस भाषणं ऐकायची, सही करायची, बिस्किटं खायची, शिक्का घ्यायचा. यंदा नियम बदलले. वीस तासांचं शिक्षण, लेखी पेपर आणि वर प्रत्यक्ष परीक्षा.

“तीस तारखेपर्यंत कार्ड आणा,” हॉलचा मालक म्हणाला, “नाहीतर मला तुम्हाला वर्गापुढे उभं करता येणार नाही. विमावाले ऐकत नाहीत. आणि साडेसहाची वेळ नाचाच्या वर्गवाल्यांनी मागितलीय, तेही सांगून ठेवतो.”

“माझी माणसं कुठे जातील?”

“नाचतील,” मालक म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून घाईघाईनं दुसऱ्या खोलीत गेला.

मग रोज दुपारी जेवणं आटोपली की ती फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा करी आणि वही घेऊन समोर बसे. बारा तास फोनवर झाले. उरलेले आठ शिक्षणकेंद्रात, दोन रविवारी. शिकवायला आली ती वयानं तिच्या मुलीएवढी पोरसवदा फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच तासाला तिनं सांगितलं, “बैठक मारताना गुडघा बोटांच्या पुढे गेला तर बिघडत नाही. टाच जमिनीवर हवी, गुडघा बोटांच्या दिशेनं जायला हवा आणि दुखायला नको. उगाच मागे खेचला तर सगळा भार कंबरेवर येतो.”

बाई ताडकन उभी राहिली. “मॅडम, हे चूक आहे.”

“कशावरून?”

“सव्वीस वर्षांवरून.”

वर्ग हसला. मॅडम नाही हसली. “बाई, तुम्हाला त्या वेळी जे शिकवलं, ते तुम्ही शिकवलंत. आता लोकांनी मोजून पाहिलंय. तुम्हीही घरी मोजून पाहा. जिना उतरताना तुमचा स्वतःचा गुडघा कुठे जातो, तेवढंच बघा.”

कानामागून आली आणि तिखट झाली, असं पुटपुटत बाई घरी आली. पण मोजून पाहा म्हटल्यावर न मोजणारी ती नव्हे. नवरा गवंडी. त्याच्या पिशवीतून तिनं ओळंबा काढला, दोरी एका गुडघ्याला रबरानं बांधली आणि स्वयंपाकघरातल्या पाटावरून दुसरा पाय खाली टाकला.

“अहो, बसा खाली. लटकलेलं वजन कुठे येतंय बघा.”

नवरा जमिनीला गाल लावून बघू लागला. “अगं, लग्नाला तीस वर्षं झाली, तुझ्या पायाशी लोळायचं तेवढं राहिलं होतं.”

“चेष्टा पुरे. कुठे येतंय?”

“अंगठ्याच्या पुढे. चांगलं चार बोटं.”

“पुन्हा बघा.”

तिनं अकरा वेळा पाय टाकला. अकरा वेळा चार बोटं. दुखत कुठेच नव्हतं. रोज छापखान्याचा जिना ती असाच उतरत होती की! ती पाटावर बसली आणि ओळंब्याची दोरी गुंडाळू लागली. तिच्या डोळ्यांसमोर पोस्टमनकाका आले होते.

पोस्टमनकाका म्हणजे वर्गातले निवृत्त पोस्टमन. सात वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, “बाई, जिना उतरताना गुडघा पुढे जातोच हो. काय करू?” आणि बाईनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, “मग आडवे उतरा.” हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, तिच्याच डोक्यातून निघालं होतं. तेव्हापासून तो माणूस आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून कठडा दोन्ही हातांनी धरून एका अंगानं उतरत होता. वर तिनं एकदा भर वर्गात त्यांना शाबासकीही दिली होती.

लेखी पेपर तिनं झकास दिला. गुडघ्याच्या प्रश्नाला नवं उत्तर स्वच्छ अक्षरात लिहिलं. प्रत्यक्ष परीक्षेला समोर एक अनोळखी माणूस उभा केला. त्याला बैठक मारायला लावायची, बघायचं आणि सुधारायचं. तो खाली वाकला, गुडघा जरा पुढे आला, आणि बाईच्या तोंडून परीक्षेची खोली दणाणली, “गुडघा मागे!” बिचारा दचकून मागेच बसला.

पोरसवदा मॅडमनं कागदावर खूण केली. “बाई, पेपरात तर बरोबर लिहिलंत.”

“लिहिलं हातानं,” बाई म्हणाली. “तोंडाला अजून कळलं नाही.”

नापास. बारा दिवसांनी, एकोणतीस तारखेला, एकच संधी.

नवरा म्हणाला, “जित्याची खोड आहे ती. त्या दिवशी तोंडात लिमलेटची गोळी धर, म्हणजे आवाज फुटायचा नाही.” मालकानं वेगळी युक्ती सांगितली. “परीक्षेत त्यांचं म्हणा, कार्ड घ्या, आणि इथे आपलं जुनं चालू द्या. वर्गात कोण बघायला येतंय?”

“बावीस जण येतात,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिनं कुणालाच उभं केलं नाही. सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि आपण हात मागे बांधून आरशापुढे उभी राहिली.

“मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली,” ती म्हणाली. “गुडघा मागे ठेवा म्हणून तुमच्या कानीकपाळी ओरडले. सगळ्यांना, सगळ्या वेळी ते लागू नाही. मी परीक्षेत नापास झाले, पण नापास झाले म्हणून सांगत नाही. घरी मोजून बघितलं, म्हणून सांगते.”

दोघातिघांनी आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग खिडकीजवळची निवृत्त शिक्षिका म्हणाली, “म्हणजे बाई, माझा गुडघा पुढे जात होता तो हुशार होता म्हणायचा.”

“तुमचा नाही. तुमची टाच उचलते. तुम्हाला ओरडा चालूच राहणार.”

सगळे हसले. पोस्टमनकाका मात्र उठले. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “सात वर्षं,” ते एवढंच म्हणाले आणि दाराबाहेर पडले. जिन्यावर त्यांचे पाय आडवे वाजत गेले ते सगळ्यांनी ऐकलं.

तीन दिवस ते आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी दहाला बाई तीन मजले चढून त्यांच्या दारात उभी राहिली.

“या,” ते म्हणाले, पण बाजूला सरकले नाहीत. “या इमारतीतली पोरं मला काय म्हणतात ठाऊक आहे? खेकडा. भाजी आणायला उतरायचं म्हणजे पंधरा मिनिटं. खाली कट्ट्यावर मित्र बसतात, मी वरून बघतो. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार, असं घरच्यांशी भांडून सांगत होतो मी.”

“मीच सांगितलं होतं, काका.”

“माझ्या हातून पत्र चुकीच्या घरी पडलं ना, तर मी परत जाऊन उचलायचो आणि बरोबर घरी टाकून यायचो. चूक झाली म्हणायचं आणि पोस्टात येऊन बसायचं, असं नाही केलं कधी.”

“म्हणून तर आले,” बाई म्हणाली. “चपला घाला.”

ते आत वळले आणि किल्ली घेऊन आले. मग त्यांनी चपला घातल्या.

पहिल्या दिवशी एकच पायरी. काका वर, बाई दोन पायऱ्या खाली, तोंड त्यांच्याकडे. “एक हात कठड्यावर. समोर बघा, माझ्याकडे. टाका पाय.” काकांचा गुडघा पुढे आला आणि बाईच्या गळ्यातून ‘गु’ बाहेर पडला. तिनं ओठ दाताखाली दाबले.

“काय म्हणालात?” काकांनी विचारलं.

“काही नाही. दुखतंय?”

“नाही. भीती वाटते.”

“मलाही. टाका दुसरा.”

ती रोज दहाला जाऊ लागली. जिना अरुंद होता, भिंतीला शेवाळी रंगाचे पोपडे, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं होऊन डोळे बाहेर येत. तिसऱ्या दिवशी एक मजला झाला. चौथ्या दिवशी काका मध्येच म्हणाले, “बाई, तुम्ही गप्प असलात की फार विचित्र वाटतं हो. टोचून तरी बोला.”

“काका, ओरडायला एक दिवसही शिकावं लागलं नाही. गप्प राहायचीच शिकवणी चालू आहे. तुमच्या जिन्यावर माझीच.”

सहाव्या दिवशी ते तीनही मजले समोर तोंड करून उतरले, रस्ता ओलांडून कट्ट्यापर्यंत गेले आणि मित्रांमध्ये जाऊन बसले. बाईला ‘या’ही म्हणाले नाहीत. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती त्यांच्या पाठीकडे बघत रस्त्याच्या अलीकडे उभी राहिली, आणि कुणी विचारलं असतं तर डोळ्यांत धूळ गेली म्हणाली असती.

एकोणतीस तारखेला समोर ताडमाड उंच माणूस आला. मांड्या लांबच लांब. तो वाकला तसा गुडघा बोटांच्या पुढे गेला, चांगला वीतभर. खोलीत सगळे बाईच्या तोंडाकडे बघत होते. बाई गप्प. त्यानं दुसरी बैठक मारली, तिसरी मारली. बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

“काही सूचना, बाई?” मॅडमनं विचारलं.

“दादा, कुठे दुखतंय का?”

“नाही.”

“मग सूचना नाही. टाचा जमिनीला आहेत, गुडघे बोटांच्या दिशेनं आहेत. उंच माणूस आहे, त्याचा गुडघा पुढे जाणारच. मी मागे खेचला तर कंबर मोडेल.” मग तिला राहवलं नाही. “फक्त श्वास धरून ठेवतोय तो. सोड रे बाबा, श्वासाला कुणी भाडं नाही मागत.”

मॅडम पहिल्यांदा हसली आणि तिनं खूण केली.

कार्ड तीस तारखेला दुपारी हातात आलं. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी बांधकामावर सगळ्या गड्यांना गोळा करून सांगितलं. त्याच्या सांगण्यात तिचं पास होणं अगदी शेवटी यायचं. आधी नापास झाली ते, मग बावीस जणांपुढे चूक सांगितली ते. “भिंत ओळंब्यात नाही हे कळल्यावर,” तो म्हणे, “गिलावा मारून झाकणारे पुष्कळ बघितलेत मी. पाडून पुन्हा बांधणारी आमच्याच घरात आहे.” बाईच्या कानावर हे आलं, तेव्हा ती कामाचा आव आणून डबे पुसत राहिली. एकच डबा पाच वेळा पुसला.

साडेसहाचा वर्ग भरला तेव्हा बावीसच्या बावीस हजर होते. पोस्टमनकाका पहिल्या रांगेत. शिक्षिकाबाईंनी कार्ड हातात घेऊन सगळ्यांमध्ये फिरवलं. फोटो चांगला आला नाही यावर एकमत झालं.

“एक विचारू का?” काका म्हणाले. “आता जे शिकवाल, त्यातलं चूक काय निघणार?”

“ते आज कळलं असतं तर आजच सांगितलं असतं,” बाई म्हणाली. “निघेल काहीतरी. ज्या दिवशी मला कळेल, त्या दिवशी तुम्हाला कळेल. यापेक्षा जास्त मी कुणाला लिहून देत नाही.”

“चालेल,” काका म्हणाले.

“चालेल काय, चालेल? उठा. खुर्च्या धरा. शिक्षिकाबाई, टाच!”