चढावरची पेशी

खिल्लारे सरांच्या तासाला आधी आलेल्यानं खालच्या बाकावर बसायचं आणि मागून येणाऱ्यांनी त्याला ओलांडून वर चढायचं, असा कायदाच होता. "मेंदूची भिंत अशीच उभी राहती," सर सांगत. "पेशी जन्मती आत, पाण्याच्या पोकळीपाशी. मग लांब तंतू धरून वर चढती. आधीची खाली राहती, मागची तिला ओलांडून पुढं. कळलं न्हाई? चढा मग!" की सगळा वर्ग हसत-ओरडत बाकं तुडवायला मोकळा.

सत्तरच्या दशकात, परभणीत, जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली होते. सर निवृत्तीला आले, तरी ही चढण त्यांनी परदेशी मासिकातल्या चित्रांतच पाहिलेली. "पोरी, दुसऱ्याच्या डोळ्यानं किती शिकवायचं?" हे त्यांचं पालुपद. रिटायर होण्याआधी एकदा तरी स्वतः बघायचं, हा एकच ध्यास. म्हणून खाटीकखान्यातून शेळीचे गर्भ आणायचे, मेंदूचे तुकडे चांदीच्या क्षारात मुरवायचे. साधलं तर मोजक्याच पेशी काळ्या उमटतात. आमचं काही साधत नव्हतं.

त्यात शुद्ध केलेलं पाणी संपलं. सरांनी उतावीळपणे चांदीचा क्षार विहिरीच्या पाण्यात कालवला. आमच्याकडचं खारं पाणी ते! सगळं द्रावण दुधासारखं पांढरं, चांदी वाया. मला रडूच आलं. "रडायलीस काय? साखर आण, चहा करू याचा," सर म्हणाले आणि स्वतःच लय हसले. आता एकच गर्भ आणि चिमूटभर क्षार उरला होता. मी तडक ट्रॅक्टरवाल्याच्या दुकानात गेले आणि बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आले; तेही शुद्ध केलेलंच असतं. "शाब्बास! लय डोकं हाय तुला!" सर हरखले.

काचपट्टी तयार झाली ती निरोप समारंभाच्याच दिवशी. हॉलमध्ये लोक खोळंबलेले, आणि उत्सवमूर्ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली. एकदम टेबलावर थाप पडली.

"आगं बघ, बघ! चढायलीय!"

मी पाहिलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर एक इवलीशी काळी पेशी, तंतूला बिलगून, अर्ध्या वाटेत. इतका आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता.

तेवढ्यात प्राचार्य हार घेऊन आले. "सर, आवो चला की, लोक ताटकळलेत!" सरांनी त्यांचंच मनगट धरून त्यांना वाकवलं. बघता बघता प्राचार्य विसरलेच की हातात हार आहे. शेवटी तो त्यांनी तिथंच सरांच्या गळ्यात घातला आणि हॉलमधल्या लोकांना वर बोलावून घेतलं.

भाषणं राहिली ती राहिलीच. संध्याकाळपर्यंत लोक एकेक करून काचेला डोळा लावत होते, आणि गळ्यातला हार सावरत सर प्रत्येकाला बजावत होते, "हळू बाबा, धक्का लावू नको. माझी पेशी चढायलीय."