पाचव्या घंटेची दोरी

हे लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, सगळं एका दमात सांगू नका. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे." तिचं बरोबर आहे. त्या शनिवारची आठवण आली की अजूनही माझे हात शिवशिवतात आणि मी शेवटापासूनच बोलायला लागतो. म्हणून आधी अडचण सांगतो.

तीस वर्षं मी लीड्समध्ये राहतो. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, पण इथली मराठी मंडळी मला ओळखायची ती तबल्यामुळे. सुनंदा, माझी बायको, भजन म्हणायची आणि मी साथीला बसायचो. दोन वर्षांपूर्वी एका आजारपणात माझे दोन्ही कान गेले. अगदी ठार बहिरा झालो नाही. हिअरिंग एड लावलं की शांत खोलीत समोरच्याचं बोलणं कळतं, तेही ओठ दिसत असले तर. पण गाणं म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं. एड लावून पहिल्यांदा सुनंदाचं भजन ऐकलं आणि मी मधेच उठून दुसऱ्या खोलीत गेलो. त्या दिवसापासून तिने गाणं बंद केलं. मी तसं म्हटलं नव्हतं. "तुमच्याशिवाय नाही जमत," एवढंच ती म्हणाली. स्वतःचं बहिरेपण मी कसंबसं पचवलं होतं, पण तिचा आवाज माझ्यापायी बंद पडला हे काही पचेना. देवापुढे उभं राहणं मी सोडून दिलं. ज्याच्यासमोर चाळीस वर्षं वाजवलं, त्याने घ्यायचे तर नेमके कानच घ्यावेत? तो राग होता, साधा राग. त्याला मी वैराग्य म्हणत होतो.

मँचेस्टरला असणाऱ्या आमच्या मुलीने, मधुराने, एक लिंक पाठवली. लिंकनशायरमधल्या खेड्यांतली जुनी चर्च शनिवार-रविवार सगळ्यांसाठी उघडी असणार होती. एरवी कुलूपबंद असलेली, कुठे आठशे तर कुठे नऊशे वर्षांची. खाली तिचा मेसेज होता, "बाबा, तो चर्च नक्की बघा, खूप जुनी आहे, आईला पण आवडेल." तिचं मराठी असंच. सुनंदाने डबा भरला, नकाशावर चार गावांना खुणा केल्या आणि मला गाडीत बसवलं.

पहिलं चर्च मी घड्याळाकडे बघतच पाहिलं. दुसऱ्यात ऑर्गन चालू होता. आत पाऊल टाकलं आणि एडमधून असा कर्कश गोंगाट डोक्यात शिरला की मी तडक बाहेर येऊन गाडीत बसलो. सुनंदा मागोमाग आली. तिच्यावर मी ओरडलो. "मला कशाला आणलंस इथे? काय ऐकवायचं होतं मला?" तिने नकाशाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गाडी घराच्या दिशेने वळवली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत होतो. लाज वाटत होती.

दोन-तीन मैलांवर एका छोट्या गावात रस्ता गाड्यांनी अडला होता. पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा माणूस हातवारे करत आमच्या खिडकीशी आला. माझ्या फोनवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारं ॲप आहे, ते चालूच होतं. स्क्रीनवर उमटलं: 'दे आर वेटिंग हिअर. गो अप.' इथे तुमची वाट बघतायत, वर जा. मी चकित होऊन ते सुनंदाला दाखवलं. ती हसायलाच लागली. रडता रडता हसली. माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "अहो, तो म्हणाला 'नो वेटिंग हिअर'. इथे गाडी थांबवू नका, पुढे टेकडीवर पार्किंग आहे." मलाही हसू आलं. मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही. गेलो वर. टेकडीवर करड्या दगडाचं, बुटक्या मनोऱ्याचं चर्च होतं. दारात फळा होता, 'मनोरा खुला आहे. घंटा वाजवून बघा.'

बहिऱ्याला घंटेचं आमंत्रण! मी परत फिरणार होतो, पण मघाच्या ओरडण्याची भरपाई म्हणून म्हटलं, "चल, तू म्हणशील तिथे." अरुंद गोल जिना चढून आम्ही एका चौकोनी खोलीत आलो. छतातून सहा दोऱ्या खाली लोंबत होत्या. घंटा आणखी वर, नजरेआड. सात-आठ माणसं उभी होती आणि त्यांच्यात सत्तरीची, ठेंगणी, पांढऱ्या बॉबकटची एक बाई. तिचं नाव जोन. ती तिथल्या घंटावादकांची प्रमुख. ती माझ्याशी बोलायला आली तेव्हा मी सवयीने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तिने केस मागे सारले. तिच्या दोन्ही कानांत एड होती!

"मला वीस वर्षांपासून नीट ऐकू येत नाही," ती माझ्यासमोर उभी राहून, ओठ स्पष्ट हलवत इंग्रजीत म्हणाली. "पण घंटा कानांनी कोण वाजवतं? डोळ्यांनी वाजवायची. दुसऱ्यांच्या दोऱ्या बघायच्या. वर वाजतं त्याने कानांना त्रासच होतो." असं म्हणून तिने दोन्ही एड काढून स्वेटरच्या खिशात टाकली. मीही काढली. एकदम निवांत वाटलं. "आता भिंतीला पाठ लावा," तिने खुणेने सांगितलं.

सहाजण दोऱ्यांशी उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. कसं सांगू? भिंत हलली. खरोखर हलली. मनोरा झोपाळ्यासारखा बारीक डुलायला लागला आणि दगडातून एकेक ठोका माझ्या पाठीत शिरला. पहिला हलका, मग जरा जड, आणि सहावा थेट तळपायांतून. सहा घंटा. सहा मात्रा. मी डोळे मिटले आणि माझी बोटं मांडीवर आपोआप फिरायला लागली. धा धिं ना, धा तिं ना. दादरा! नऊशे वर्षांच्या इंग्रजी भिंतीतून दादरा येत होता आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लय माझ्या अंगात होती. डोळे उघडले तर सुनंदा माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती.

थोड्या वेळाने पाचव्या घंटेवरचा माणूस गुडघा दुखतो म्हणून खाली जाऊन बसला. जोनने मला खुणावलं. अर्ध्या टनाची घंटा वर उलटी उभी केलेली असते, दोरी ओढली की ती पूर्ण गोल फिरते. एक ठोका दोरीच्या मधल्या जाड लोकरी भागाला धरून द्यायचा, दुसरा शेपटाला धरून. लोकरी भागाचा ठोका तिने स्वतःकडे ठेवला आणि शेपटाकडचा माझ्या हाती दिला. मी गच्च धरून जोरात ओढलं. घंटा अडखळली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. जोनने माझ्या कोपराला हात लावला आणि ती म्हणाली ते सुनंदाने पुढे धरलेल्या माझ्या फोनवर उमटलं, "तुम्ही तिच्याशी भांडताय. ती तुमच्याहून जड आहे, जिंकणार तीच. हात तिच्याबरोबर वर जाऊ द्या. पूर्ण वर. मग ती स्वतःच सांगेल."

मी मुठी सैल केल्या. दोरी वर निघाली आणि माझे हात तिच्याबरोबर डोक्यावर, टाचा उचलल्या जाईपर्यंत वर गेले. तिथे एक क्षण सगळं वजन नाहीसं झालं. आणि मग हलकेच, एखादं माणूस बोट धरून ओढेल इतक्या हलकेच, दोरीने मला खाली बोलावलं. मी ओढलं. तळपायांत ठोका आला. माझा ठोका! मी लहान पोरासारखा ओरडलो असेन, कारण सगळे हसत टाळ्या वाजवत होते.

मग जोन आणि मी मिळून, तिचा एक ठोका माझा एक, बाकी पाचजणांबरोबर वाजवलं. चौथी दोरी खाली आली की माझी. त्या माणसाच्या हातांकडे बघत राहायचं, बस. किती वेळ वाजवलं ठाऊक नाही. मधेच कधीतरी मला जाणवलं की मी मनातल्या मनात देवाशी बोलतोय, न रागावता. काय बोललो ते आठवत नाही. गाल ओले होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

खाली चहा आणि केक होता. जोनने सुनंदाला विचारलं, "तुमच्या भाषेत तुम्ही देवापुढे काय गाता?" मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लाकडी बाकावर तिच्यासमोर बसलो आणि बाकाच्या फळीवर हात ठेवला. ती हाताने ताल धरत गायला लागली. मला सूर कळला नाही. तिचे ओठ दिसत होते, गळ्याची शीर दिसत होती, मांडीवर पडणारा तिचा हात दिसत होता. त्या हाताबरोबर मी फळीवर वाजवत गेलो. एकदाही चुकलो नाही, असं ती नंतर म्हणाली. चहाचे कप हातात धरून ती सगळी अनोळखी माणसं चर्चमध्ये उभी राहिली होती.

माझे कान बरे झालेले नाहीत. परवाच्या तपासणीत ऐकण्याचा आलेख आहे तसाच निघाला. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, काय सांगणार? तो पिवळ्या जाकिटातला माणूस, फोनने चुकवलेलं वाक्य, सहाच घंटा असलेला मनोरा आणि तिथे नेमकी एक बहिरी बाई. कुणी याला योगायोग म्हणालं तर मी वाद घालणार नाही. मला इतकंच कळलं की दोन वर्षं मी दोरी घट्ट धरून खाली खेचत होतो आणि वर काय आहे याची मला कल्पनाच नव्हती. हात सैल केले तेव्हा ते वर गेले. खाली कधी यायचं हेही मला सांगितलं गेलं.

जोनने लीड्सजवळच्या एका खेड्यातल्या घंटा शिकवणाऱ्या आपल्या मैत्रिणीच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. दर मंगळवारी संध्याकाळी मी तिथल्या चर्चमध्ये शिकायला जातो. सुनंदा खाली बाकावर बसते आणि, मला सांगतात, गुणगुणत असते. मी एड काढून खिशात टाकतो, शेजारच्याच्या हातांकडे बघतो आणि म्हणतो, देवा, तू सांगशील तेव्हा.